दोन बाटल्या रक्त

आमच्या भागात 'लिव्हर' हा बाप्यांच्या आजाराचा शब्द आहे. अमका लिव्हरनं गेला असं कानावर आलं की पुढचं कुणी विचारत नाही. आजऱ्यातनं आंबोली घाट उतरला की सावंतवाडी, तिथनं पुढं गोवा. गोव्याची स्वस्त दारू ह्याच रस्त्यानं वर चढते. कधी नाक्यावर गाडी सापडते, पेपरात बातमी येते. जी सापडत नाही ती गावागावांत जिरते. माझ्या बरोबरीचे सात-आठ गडी मी असे बघितलेत. हातपाय काटकुळे, पोट नगाऱ्यासारखं, डोळे हळदीत बुडवल्यासारखे. त्यामुळं २०१६ च्या दिवाळीनंतर माझ्या बायकोला लिव्हरचा सिरॉसिस झालाय असं कळलं, तेव्हा डेअरीत दूध घालायला गेल्यावर एकानं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "वैनी घेत्यात व्हय?"

हिनं जन्मात मिश्री लावली नाही. चहा सोडला तर दुसरं व्यसन नाही. पण विचारणाऱ्याचं तरी काय चुकलं? त्यानं जे बघितलं होतं त्यावरनंच तो बोलत होता.

सुरुवात पायांच्या सुजेनं झाली. भाताच्या कापणीत दिवसभर वाकून काम, त्यानं सुजत असतील म्हणून ती रात्री गरम पाण्यात पाय सोडून बसायची. मग लुगड्याची गाठ बसेना. पोट वाढायला लागलं. बायका थट्टा करायच्या, "ह्या वयात काय गं?" तीही हसायची. गडहिंग्लजला सोनोग्राफी केली तर पोटात पाणी, पांथरी वाढलेली आणि लिव्हर खडबडीत निघालं. तिथनं कोल्हापूरला पोटाच्या डॉक्टरांकडं. त्यांनी कागद चाळले आणि दारूचं काहीच विचारलं नाही. त्यांचा पहिला प्रश्न होता, "मावशी, कधी रक्त चढवलं होतं का तुम्हाला?"

चढवलं होतं. १९९४ साली. पिशवी काढायचं ऑपरेशन झालं तेव्हा अंगावरनं खूप गेलं होतं. डॉक्टर म्हणाले दोन बाटल्या लागतील. कुठल्या गावात, कुठल्या दवाखान्यात ते लिहीत नाही. त्यातली माणसंही आता नाहीत. त्या काळी मोठ्या दवाखान्यांच्या बाहेर रक्त विकणारी माणसं उभी असायची. पैसे द्यायचे, बाटली मिळायची. मी पैसे मोजले, दोन बाटल्या मिळाल्या, बायको वाचली. घरी आणून नारळ फोडला. त्या दोनातल्या एका बाटलीत हिपॅटायटिस सी नावाचा विषाणू होता, असं डॉक्टरांचं म्हणणं. तो तिच्या अंगात बावीस वर्षं गुपचूप राहिला. ना ताप, ना कावीळ. आत लिव्हरला रोज थोडं थोडं खात राहिला.

ह्यात कुणाला धरायचं? ह्या विषाणूचा पत्ता जगाला लागला तोच १९८९ साली. तो शोधणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना नोबेल मिळालं २०२० साली, तोवर आम्हाला त्याचं नाव पाठ झालं होतं. आपल्या देशात दान केलेल्या प्रत्येक बाटलीची ह्या विषाणूसाठी तपासणी सक्तीची झाली २००१ साली. रक्त विकायला सुप्रीम कोर्टाच्या आदेशानं बंदी आली १९९८ पासनं. आमच्या दोन बाटल्या त्याच्या आधीच्या. जे सांगायचं ते एवढंच की २००१ च्या आधी ज्यांना रक्त चढवलंय, बाळंतपणात म्हणा, अपघातात म्हणा, त्यांनी एकदा ही तपासणी करून घ्यावी. साधी रक्ताची तपासणी आहे. माझं हे सांगणं ऐकून आमच्या भावकीतल्या दोघींनी केली. दोघींचीही निर्मळ आली. त्यांनी मला पेढे दिले, जणू मीच काही केलं होतं.

गावात दुसरी एक भीती पसरली. हिचं ताट-वाटी वेगळी करायची का? एका पंगतीला बसायचं का? हा विषाणू रक्तातनं जातो. जेवणातनं, ताटातनं, जवळ बसल्यानं जात नाही. पोरांची तपासणी केली, माझी केली, कुणालाच नव्हता. मी मुद्दाम चारचौघांत हिच्या ताटातली भाकरी मोडून खाल्ली. सांगण्यापेक्षा ते बघून लोकांना पटलं.

औषधाच्या बाबतीत नशीब बरं म्हणायचं. थोडी वर्षं आधी ह्यावर इंजेक्शनं असायची, माणूस त्यानंच निम्मा व्हायचा, आणि पोटात पाणी झालेल्याला तर ती सोसतच नव्हती. आमच्या वेळेला गोळ्या आल्या होत्या. सोफोस्बुव्हिर आणि डॅक्लाटास्विर अशी जोडी, रोज घ्यायची, २४ आठवडे. आमची दुसऱ्या वेताची म्हैस विकली त्यात निम्मं भागलं. उरलेलं काजूच्या पैशांतनं. गोळ्या संपल्यावर तीन महिन्यांनी रक्त तपासलं तर विषाणू औषधालासुद्धा उरला नव्हता. पुढच्याच वर्षी, २८ जुलै २०१८ ला, सरकारनं ह्याच गोळ्या फुकट द्यायचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. म्हैस आधीच गेली होती. असो, पुढच्यांची म्हैस वाचली.

मला वाटलं सुटलो. डॉक्टरांनी कागद उलटा करून त्याच्यावर लिव्हरचं चित्र काढलं. म्हणाले, "विषाणू गेला. पण त्यानं केलेले व्रण आहेत तिथंच आहेत. आता राहिलेलं लिव्हर सांभाळायचं."

हे सांभाळायचं म्हणजे काय ते समजायला मला वर्ष गेलं. मी दहावी शिकलेला माणूस, मला शेतातनंच कळतं. पोटातलं, आतड्यातलं सगळं रक्त एका मोठ्या शिरेतनं लिव्हरमध्ये जातं. ती शीर म्हणजे पाट धरा आणि लिव्हर म्हणजे मऊ, भुसभुशीत वाफा. वाफ्याची माती दगड झाली की पाणी आत जिरत नाही. मग पाट तुंबतो. तुंबलेलं पाणी कुठंतरी जाणारच. थोडं बांधातनं झिरपून शेजारी साठतं, ते पोटातलं पाणी. थोडं आडवाटेनं नव्या चऱ्या पाडतं, त्या अन्ननळीतल्या फुगलेल्या शिरा. आणि लिव्हरमधनं गाळून न जाता जे रक्त परस्पर पुढं जातं त्यातली घाण डोक्याला चढते. पाणी, शिरा, डोकं. पुढची सगळी वर्षं आम्ही ह्या तिघांच्या मागं धावलो.

पहिलं पाणी. जुनी माणसं ह्याला जलोदर म्हणायची. हरिश्चंद्र म्हटलं की आपल्याला तारामती आणि स्मशान आठवतं, पण त्याची दुसरी एक जुनी कथा आहे, ती मी सप्ताहात बुवांच्या तोंडून ऐकलेली. वरुणानं त्याला मुलगा दिला, पण तोच मुलगा मला बळी दे अशा अटीवर. हरिश्चंद्र आज देतो, उद्या देतो करत राहिला, तेव्हा वरुणानं त्याला जलोदर दिला. मी ही कथा हिला सांगितली तर म्हणाली, "मी कुणाला काय कबूल केल्तं, ते मला हे दिलं?"

पाण्यावर पहिलं औषध गोळी नाही, मीठ तोडणं. दिवसाला सगळं मिळून एक लहान चमचा, पाच ग्रॅम. ऐकायला सोपं. पण कोल्हापूर जिल्ह्यात राहून मीठ सोडायचं म्हणजे काय ते करून बघा. आमच्या घरात मीठ कुठं कुठं लपलंय ते मी त्या वेळी शोधलं. लोणच्यात आहे हे पोरही सांगेल. पण वर्षाच्या चटणीत आहे, सांडगी मिरचीत आहे, पापडात आहे, डाळीच्या सांडग्यात आहे. पावसाळ्यासाठी कोकणातनं येणारा सुका बांगडा आणि सुकट म्हणजे तर मिठाचीच पेंड. बेकरीचा पाव, खारी, बिस्किट, फरसाण, सगळ्यात आहे. आमच्याकडं आंबील मिठाशिवाय कुणी तोंडाला लावत नाही. पहिल्या आठवड्यात तिनं ताट सरकवून दिलं. "माती खाल्ल्यागत लागतंय," म्हणाली.

मग थोरल्या जावेनं डोकं लढवलं. हिच्यासाठी चटणी वेगळी कुटली, मीठ न घालता. लसूण, खोबरं, तीळ जास्त. आमटीत आमसूल, भाजीवर लिंबू, ताकात जिरं आणि कोथिंबीर. दिवसाचं मीठ सकाळीच एका झाकणात काढून द्यायचं, तिनं ते पाहिजे त्या घासावर टाकायचं. त्यानं फरक पडला. शिजवताना घातलेलं मीठ जिभेला कळत नाही, वरनं टाकलेलं कळतं. सहा महिन्यांत तिची जीभ बदलली. आता आमच्या ताटातलं खाल्लं तर म्हणते, "किती खारट खाताय वो." एक पुतण्या शहरातनं कमी सोडियमचं मीठ घेऊन आला होता, चांगल्या मनानं. डॉक्टरांनी ते बंद केलं. त्यात पोटॅशियम असतं आणि पाण्याच्या गोळीनंही पोटॅशियम वाढतं; दोन्ही एकत्र आलं तर काळजाला धोका.

पाण्याच्या गोळ्या दोन, एक स्पायरोनोलॅक्टोन आणि एक फ्युरोसेमाइड. त्या चालू केल्या की लघवी वाढते, पाणी उतरतं. पण घाईनं उतरलं तर मूत्रपिंडं कोरडी पडतात. पायावर सूज नसेल तर दिवसाला अर्ध्या किलोच्या वर वजन उतरू द्यायचं नाही. आता अर्धा किलो मोजायचा कशावर? आमच्याकडं काजूच्या बियांची पोती तोलायचा काटा आहे, आकडे उमटणारा. रोज सकाळी परसाकडला जाऊन आली की, काही खायच्या आधी, ती त्या काट्यावर उभी राहते. डेअरीची जुनी वही होती, तिच्यात दुधाच्या रकान्यात मी वजन लिहितो. सकाळ-संध्याकाळच्या रकान्यात काय लिहितो ते पुढं सांगेन. शेजारचा एकदा म्हणाला, "वैनींचा भाव काय लागला आज?" ती काट्यावरनंच म्हणाली, "बी कच्ची हाय, अजून वाळायची हाय."

तरी दोन वेळा पाणी सुईनं काढावं लागलं. पहिल्या वेळेला सहा लिटर निघालं. पिवळसर, ताकाच्या निवळीसारखं. एवढं पाणी एकदम काढलं की रक्तदाब घसरतो, म्हणून शिरेतनं अल्ब्युमिन द्यावं लागतं. महागाच्या लहान लहान बाटल्या. मी विचारलं हे कशापासनं करतात, तर नर्स म्हणाली, माणसाच्या रक्तातनंच काढतात. ही पडल्या पडल्या माझ्याकडं बघायला लागली. काही बोलली नाही.

दुसरं, शिरा. हे २०१९ सालच्या जुलैचं. आदल्या दिवशी ती म्हणाली होती की परसाकडला डांबरासारखं काळं झालं. रात्री बाराच्या सुमाराला तिला मळमळलं, ती मोरीकडं गेली, आणि मी बॅटरी मारली तर सगळी मोरी लाल. पाऊस असा की कौलांवरचा आवाज सोडून काही ऐकू येत नव्हतं. १०८ ला फोन लावला. गाडी आली, पण आमच्या वस्तीच्या ओढ्यावरनं पाणी होतं, ती अलीकडं येईना. चौघांनी हिला खुर्चीवर बसवून, खांद्यावर घेऊन कंबरभर पाण्यातनं पलीकडं नेलं. त्यातला एकजण तोच, ज्यानं मला डेअरीत विचारलं होतं.

गडहिंग्लजला सलाईन लावलं, रक्त थांबवायची औषधं चालू केली. डॉक्टर म्हणाले, कोल्हापूरला हलवायच्या आधी दोन बाटल्या रक्त द्यावं लागेल. ही अर्धवट शुद्धीत होती, पण ते तिनं ऐकलं. हात हलवून म्हणाली, "रक्त नगं. रगतानंच हे केलंय."

त्या रात्री मी तिच्याशी वाद घातला नाही. रक्ताची पिशवी आली, आता काचेची बाटली नसते, ती मी नर्सकडनं मागून घेतली आणि तिच्यावरची चिठ्ठी बॅटरीच्या उजेडात हिला वाचून दाखवली. रक्तगट, तारीख, नंबर. खाली तपासण्या: एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, गुप्तरोग, मलेरिया. पाचही निर्मळ. सी वर मी बोट ठेवलं. "हे बघ, हे त्या वेळेला लिहिलेलं नव्हतं." तिनं डोळ्यासमोर धरायला लावलं. तिला वाचता येतं, चौथी शिकली आहे. मग हात सोडला. नर्स उभीच होती, तिनं घाई केली नाही. मी तिचे उपकार विसरणार नाही.

कोल्हापुरात दुर्बीण घालून फुगलेल्या शिरांना रबराची कडी बसवली. वासराच्या खच्चीकरणाला जशी रबरी कडी बसवतात तशीच कल्पना. शीर आवळली जाते, वाळते, गळून पडते. एकदा करून भागत नाही. दर दोन-चार आठवड्यांनी, शिरा मिटेपर्यंत. आमचं चार वेळा झालं. त्याच्या जोडीला प्रोप्रॅनोलॉल, नाडी थोडी सावकाश ठेवणारी गोळी, त्यानं पाटातला दाब कमी राहतो. पहिल्या खेपेला डिस्चार्ज मिळाला आणि ऑगस्टचा महापूर आला. पुणे-बंगळूर रस्ता बंद, कोल्हापुरातनं बाहेर पडायला वाट नाही. उंचावर राहणाऱ्या एका पाहुण्याकडं आम्ही आठ-दहा दिवस काढले. शहरात दूध नाही, भाजी नाही. पाहुणीण रोज मूग शिजवायची आणि आधी हिचं बिनमिठाचं काढून मग घरच्यांत मीठ घालायची. पुरातसुद्धा तिनं ते चुकवलं नाही.

तिसरं डोकं, आणि तेच मला सगळ्यात जड गेलं.

बायको हिशेबाला पक्की. कापणीला बारा बायका असल्या तरी कुणाची किती दिवस, कुणाला उचल किती, सगळं तोंडपाठ. २०२१ च्या उन्हाळ्यात ती दिवसा झोपायला आणि रात्री जागायला लागली. एका मजुरणीला दोनदा पैसे दिले. वाकळ शिवत होती, तिचे टाके नेहमी रेघ मारल्यासारखे, ते वाकडेतिकडे जायला लागले. एका रात्री दोन वाजता गोठ्यात आवाज आला म्हणून गेलो तर ही कासंडी घेऊन रेड्याखाली बसलेली. मला बघून म्हणाली, "आज पान्हाच सोडीना."

सकाळी घरात दहा माणसं. बाहेरचं झालंय, देवऋषाकडं न्या, रवळनाथाला कौल लावा. रवळनाथाला मीही मानतो, नारळ ठेवला. पण नारळ ठेवून गाडी काढली. डॉक्टरांनी तिला दोन्ही हात पुढं करून, बस थांबवतात तसे पंजे उभे धरायला सांगितलं. पंजे पाखराच्या पंखासारखे फडफडत होते. ते बघूनच त्यांनी सांगितलं, लिव्हरला न गाळता आलेलं आतड्यातलं विष डोक्यात गेलंय. कारण काय, तर चार दिवस पोट साफ नव्हतं. एवढंच. दुसऱ्या कुणाला बद्धकोष्ठ झालं तर तो एरंडेल घेतो. हिला झालं तर ती रेड्याची धार काढायला बसते.

त्यावर लॅक्ट्युलोजचं गोड पातळ औषध. मोजमाप बाटलीवर लिहिलेलं नसतं. दिवसाला दोन-तीन वेळा मऊ परसाकडला झालं पाहिजे, एक झालं तर औषध वाढवायचं, पाच झालं तर कमी करायचं. डेअरीच्या वहीत सकाळ-संध्याकाळच्या रकान्यात मी काय लिहितो ते आता कळलं असेल. पहिले काही दिवस तिला लाज वाटायची. मग ती स्वतःच मागच्या दारातनं ओरडून आकडा सांगायला लागली. पुढं रिफॅक्सिमिनची गोळी जोडीला आली. रोज सकाळी मी पंजे धरायला लावतो आणि तिच्यापुढं मूठभर काजू टाकून चार-चारानं मोजायला सांगतो. चुकली तर मला कळतं, आणि बरोबर आलं तर ती चार काजू खाते.

खाण्याचं सांगायचं राहिलं. गावात एक समजूत अशी की लिव्हरच्या माणसाला डाळ, अंडं बंद, नुसती पेज द्यायची. पूर्वी काही डॉक्टरही प्रथिनं तोडायला सांगत. पण सिरॉसिसमध्ये अंगातलं मांस झडतं, आणि मांस झडलं की डोक्याचं दुखणं आणखी वाढतं. आम्हाला सांगितलं, डाळ, दही, मूग, अंडं भरपूर द्या, आणि रात्री उपाशी झोपवू नका. लिव्हरच्या कणगीत रात्रभर पुरेल एवढी शिदोरी राहत नाही. म्हणून दहा वाजता झोपायच्या आधी नाचणीची लापशी दुधातली. उपास सगळे बंद. चतुर्थी, एकादशी, सगळं मी धरतो आता, तिच्या वाट्याचं.

औषधाइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे जे द्यायचं नाही ते. गुडघे दुखतात म्हणून दुकानात मिळणाऱ्या दुखण्याच्या गोळ्या बंद. त्या मूत्रपिंडाला आणि शिरांना दोन्हीला वाईट. झोपेची गोळी बंद. पाहुण्यांनी काविळीची माळ आणली होती, डोक्यावरनं घालायची, ती दिवसागणिक लांबत पायापर्यंत गेली की कावीळ उतरली. त्या माळेच्या काड्या सुकून आकसतात, गाठी सैल पडतात, म्हणून ती लांबते. खुंटीला अडकवली तरी लांबते. मी अडकवून दाखवली. माळेनं निदान अपाय नाही. पण कोरोनात घरोघरी गुळवेलीचा काढा चालू झाला तेव्हा मी घाबरलो. आमच्या कुंपणावरच्या लिंबावर गुळवेल आहे, लोक येऊन तोडून न्यायचे आणि हिलाही आग्रह करायचे. डॉक्टरांनी ठाम नाही म्हटलं. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेऊन लिव्हर बिघडलेले सहा रोगी छापून मांडले. आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही, वाद झाला. तो मोठ्या लोकांचा वाद. ज्याचं लिव्हर आधीच निम्मं गेलंय त्यानं त्यात पडू नये, एवढं मला कळतं.

आता राहिला तो प्रश्न, जो आमच्या घरात दोन वर्षं चुलीपुढं बसलाय.

लेकीनं एकदा डॉक्टरांना माझ्यासमोरच विचारलं, "माझं लिव्हर आईला देता येईल काय?" येतं. लिव्हर हा एकच असा अवयव आहे की त्याचा तुकडा दिला तरी देणाऱ्याचं पुन्हा वाढतं. आपल्या देशात पहिलं यशस्वी रोपण १९९८ साली दिल्लीत झालं, लहान पोराला बापानं दिलं; तो पोरगा आज डॉक्टर आहे. थोरल्या मुलाची आधी तपासणी केली. पुण्यात खुर्चीवरची नोकरी, अडतिसाव्या वर्षी त्याच्याच लिव्हरवर चरबी निघाली. दारू न पिता. त्याला वजन उतरवायला सांगून परत पाठवलं. लेकीचा रक्तगट जुळतो. तिची दोन लहान पोरं आहेत. जावई माणूस चांगला, "तुमी म्हणाल तसं," म्हणतो, पण त्याच्या आईचं तोंड मला दिसतं. देणाऱ्याच्या जिवाला धोका कमी असला तरी शून्य नाही, हे डॉक्टरांनी लपवलं नाही. हेही म्हणाले की आपल्याकडं देणाऱ्यांत बायकाच जास्त, घेणाऱ्यांत पुरुष.

रक्तातल्या तीन-चार आकड्यांवरनं एक गुण काढतात, किती लवकर रोपण लागेल ते त्यावरनं ठरतं. हिचा गुण सध्या कमी आहे, म्हणजे चांगला आहे. डॉक्टर म्हणतात, आत्ता घाई नाही, असंच सांभाळलं तर कदाचित लागणारही नाही. पण वय बासष्ट, फार उशीर झाला तर मग करता येणार नाही. लेक म्हणते आत्ताच करू. ही म्हणते कधीच नको. मी मधे.

गेल्या पावसाळ्यात लेक आली होती, तेव्हा दोघींचं जोरात झालं. लेक रडली. ही म्हणाली, "तुमच्या बुवांचा हरिश्चंद्र बरा झाला तो कसा? दुसऱ्याचं लेकरू विकत घिऊन यूपाला बांधलं तवा. मला तसं बरं व्हायचं न्हाई." लेक म्हणाली, "मला कोण बांधतंय? मी माझ्या पायानं आलेय." त्यावर हिला उत्तर सुचलं नाही. मलाही सुचलेलं नाही.

दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी असते, लिव्हरवर कॅन्सरची गाठ धरलीय का बघायला. विषाणू गेला तरी हा धोका जात नाही. परवाच झाली. गाठ नाही, पोटात पाणी अगदी थोडं. काट्यावर ४७ किलो ३००. परत येताना उत्तूरला चहा प्यायला गाडी थांबवली तर लेकीचा फोन. मी रिपोर्ट सांगितला. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "माझी फाईल मी टाकून दिलेली न्हाई, आप्पा. आईला सांगा." ही शेजारीच बसलेली, सगळं ऐकत होती. माझ्या हातातला फोन घेऊन म्हणाली, "घनसाळ कांडून ठेवलाय. पोरांस्नी घिऊन ये, आणि फाईल तिकडंच ऱ्हाऊ दे."